छोट्या शेतातला भाजीपाला थेट विकायचाय? आधी गिऱ्हाईक, मग बियाणं

एखादा एकर किंवा त्याहूनही कमी जमीन आहे, तिथे भाजीपाला पिकवून तो आसपासच्या लोकांना स्वतः विकायचा आहे, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. पिकवायचं कसं, याची माहिती हवी तेवढी मिळते. विकायचं कसं, याचीही मिळते. या दोन्हींची सांगड कशी घालायची ते मात्र कुणी सांगत नाही, आणि बहुतेक नवी शेतं तिथेच अडकतात. एका आठवड्यात टोमॅटोचे ढीग लागतात, पुढचे तीन आठवडे क्रेट रिकामे राहतात, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं.

लहान शेत म्हणजे कमी महत्त्वाचं शेत, असं मनात असेल तर ते आधी काढून टाका. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार दोन हेक्टरांपेक्षा लहान शेतांकडे जगातली जेमतेम १२ टक्के शेतजमीन आहे, पण जगाचं सुमारे ३५ टक्के अन्न तिथे पिकतं. मात्र एवढ्याशा जमिनीवर घर चालवायचं तर माल ताजा लागतो, दर आठवड्याला लागतो, आणि तो कुणाच्या घरी जाणार हे पेरतानाच ठाऊक असावं लागतं. पुढचे सगळे टप्पे याच हिशोबाने लावले आहेत.

१. बियाणं घेण्याआधी गिऱ्हाईक शोधा

विक्रीचे मार्ग चार-पाचच आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

शेतावरच विक्री: वाहतूक वाचते, पण शेत रहदारीच्या रस्त्यालगत हवं आणि ठरलेल्या वेळी तिथे माणूस हवा.

आठवडी किंवा शेतकरी बाजार: रोख पैसे मिळतात, माणसं भेटतात, कोणती भाजी लोक आधी उचलतात ते डोळ्यांना दिसतं. पण अर्धा दिवस जातो, आणि पाऊस आला की माल परत येतो.

उपाहारगृहं आणि किरकोळ दुकानं: एकदम जास्त माल जातो. त्यांना दर वेळी सारखाच आकार, सारखाच दर्जा आणि ठरलेला दिवस लागतो. पैसे बहुधा उधारीने मिळतात.

घाऊक व्यापारी: सगळा माल उचलतो, भाव तो ठरवतो. उरलेल्या मालाची सोय म्हणून हा मार्ग ठेवा. लहान शेताचा संसार एकट्या घाऊक भावावर चालणं फार अवघड आहे.

आणि सभासद टोपली: काही कुटुंबं हंगामाच्या सुरुवातीला किंवा महिन्याच्या महिन्याला आगाऊ पैसे भरतात आणि दर आठवड्याला शेतात जे तयार असेल त्याची टोपली नेतात. जपानमध्ये ही पद्धत ‘तेइकेई’ नावाने रुजली. तिला बळ देणारी तिथली सेंद्रिय शेती संघटना १९७१ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर इथल्या दोन शेतांनी १९८६ च्या सुमारास अशीच सुरुवात केली आणि फ्रान्समध्ये २००१ पासून असे गट उभे राहिले. सगळीकडे गाभा एकच: पीक बुडालं तर तोटा एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पडत नाही. मला हा मार्ग सर्वांत भला वाटतो. पण पहिल्याच हंगामात त्यात उडी घेऊ नका. लोकांचे आगाऊ पैसे घेतले की दर आठवड्याला टोपली भरलीच पाहिजे, आणि नव्या जमिनीचा तेवढा भरवसा नसतो. पहिलं वर्ष बाजारात बसा, चेहरे ओळखीचे करा. दुसऱ्या वर्षी त्यातल्याच दहा-पंधरा घरांपासून टोपली सुरू करा.

आता लोकांशी बोला. वीस-तीस घरं पुरतात. ‘आमची भाजी घ्याल का?’ असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: मागच्या आठवड्यात कोणत्या भाज्या घेतल्या, किती घेतल्या, कुठून घेतल्या, कोणत्या दिवशी घेतल्या, आणि त्यातलं काय टाकून द्यावं लागलं. ही उत्तरं वहीत लिहा. तुमच्या पेरणीचा आराखडा याच पानांतून निघणार आहे.

२. जमीन आणि पाणी तपासून घ्या

मातीचा नमुना एका जागेचा घेऊ नका. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, प्रत्येकातून कडेची माती खरवडून एकत्र करा, नीट मिसळा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. बांधाजवळची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती वगळा. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा) मानवतो. जागा पूर्वी कारखान्याची, गॅरेजची किंवा कचरा टाकण्याची असेल तर शिशासारख्या जड धातूंची वेगळी तपासणी करून घ्या. पालेभाज्या आणि कंदभाज्यांत तो धोका थेट ताटापर्यंत पोचतो.

पाण्याचा हिशोब कागदावर मांडा. कडक उन्हात भाजीपाल्याला दिवसाला साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला ५ ते ६ लिटर. १० गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजेच दिवसाला ५,००० ते ६,००० लिटर. विहीर किंवा बोअर सर्वांत कोरड्या महिन्यात एवढं देते का, ते त्याच महिन्यात पाहा. पावसाळ्यानंतर भरलेली विहीर पाहून जमीन घेणं हा सर्रास दिसणारा सापळा आहे. पाण्यातल्या क्षारांची तपासणी करा आणि माल ज्या पाण्याने धुणार त्याची जिवाणूंसाठीही करा.

जमीन भाड्याची असेल तर करार लेखी हवा, आणि किमान तीन ते पाच वर्षांचा हवा. पहिली दोन वर्षं तुम्ही मातीत खत घालत असता, त्याचं फळ नंतर मिळतं. तोंडी करारावर सुधारलेली जमीन मालक परत मागतो तेव्हा हातात काहीच उरत नाही.

३. कागदपत्रं आणि साधनं

नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, तेव्हा स्थानिक कृषी कार्यालय आणि अन्न परवाना देणाऱ्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. साधारणपणे ही फाईल लागते:

- जमिनीच्या मालकीचा उतारा किंवा लेखी भाडेकरार
- पाणी वापरण्याचा हक्क किंवा परवानगी
- माती आणि पाण्याचे तपासणी अहवाल
- अन्नविक्रीची नोंदणी किंवा त्यातून सूट असल्याचा लेखी आधार
- बाजारात बसण्याची परवानगी किंवा गाळ्याची पावती
- वजनकाट्याच्या पडताळणीचा शिक्का आणि प्रमाणपत्र
- बियाणं, खतं, औषधं यांची बिलं
- फवारणीची नोंदवही: तारीख, पीक, औषध, प्रमाण, काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस)
- पावतीपुस्तक आणि शेतीसाठी वेगळं बँक खातं

इथे एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अख्खी, न चिरलेली कच्ची भाजी विकणं आणि चिरून, वाळवून किंवा लोणचं घालून विकणं, या दोन्हींना बहुतेक देशांचे अन्नकायदे वेगवेगळं मोजतात. भाजी चिरली की ती प्रक्रिया ठरू शकते, आणि त्यासाठी वेगळा परवाना, वेगळी जागा लागू शकते. उरलेल्या टोमॅटोची चटणी करून बाजारात ठेवण्याआधी हे विचारून घ्या.

साधनांवर सुरुवातीला फार खर्च करू नका. फावडं, दाताळं, खुरपी, सायकल कोळपं, रोपांचे ट्रे, ठिबकच्या नळ्या आणि गाळणी, शेडनेट, कीडरोधक जाळी, धारदार चाकू आणि कात्री, प्लॅस्टिकचे क्रेट, काटा, साधा थर्मामीटर. ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर वर्षातून मोजके दिवस लागतो, तो भाड्याने घ्या. खर्च करायचाच असेल तर तो पाणी आणि सावलीवर करा.

४. वाफे एकाच मापाचे आखा

गादीवाफा ७५ सेंटिमीटर रुंद, मधली वाट ४५ सेंटिमीटर, लांबी १५ मीटर. हे माप बरंच रुळलेलं आहे, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यावर पाय पडत नाही. वाटेसह एक वाफा १८ चौरस मीटरचा होतो. १० गुंठ्यांतून रस्ता, रोपवाटिका, खताचा ढीग आणि धुण्याची जागा वगळली तर साधारण ४० वाफे बसतात.

सगळे वाफे एकाच लांबीचे ठेवा. मग जाळी, ठिबकची नळी, आच्छादनाचा कागद कुठल्याही वाफ्यावर चालतो, आणि हिशोब ‘वाफा’ या एकाच मापात करता येतो. प्रत्येक वाफ्याला क्रमांक द्या, खुंटीवर लिहा.

५. पेरणीचं वेळापत्रक विक्रीच्या दिवसापासून मागे मोजा

सगळ्या कामांतलं हे सर्वांत महत्त्वाचं. यासाठी बियाणं घेण्याआधीची एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा.

उदाहरण कोबीचं घेऊ. समजा तुम्हाला दर शनिवारी ३० गड्डे विकायचे आहेत. १५ मीटरच्या वाफ्यात दोन ओळी, दोन रोपांत ४० सेंटिमीटर अंतर, म्हणजे साधारण ७५ रोपं. मर, कीड, फुटलेले गड्डे यांत २० टक्के जातील असं धरा, विकण्याजोगे ६० उरतात. म्हणजे दर आठवड्याला अर्धा वाफा लावायचा. लवकर येणाऱ्या वाणाला लागवडीपासून सुमारे ७० दिवस, आणि त्याआधी रोप तयार व्हायला ३० दिवस. तेव्हा ज्या शनिवारी गड्डे विकायचे, त्याच्या सुमारे १०० दिवस आधी ट्रेमध्ये बी पडलं पाहिजे. असा कोबी दहा आठवडे विकायचा असेल तर दहा तारखा कॅलेंडरवर लिहा.

असंच प्रत्येक पिकाचं करा. मुळा २५ ते ३० दिवसांत येतो, तो दर आठ-दहा दिवसांनी थोडा थोडा पेरा. पालक ३५ ते ४५ दिवस, दर दोन आठवड्यांनी. घेवडा ५० ते ६० दिवस, दर दोन-तीन आठवड्यांनी. गाजर ७० ते ८० दिवस घेतं, पण जमिनीत काही आठवडे थांबतं, त्यामुळे तारखा थोड्या सैल ठेवल्या तरी चालतं. टोमॅटो, काकडी, मिरची एकदा सुरू झाली की अनेक आठवडे तोडणी चालते, त्यांच्या दोन-तीन लागवडी पुरतात.

या टप्प्यावरचे सापळे लक्षात ठेवा:

पाकिटावरचे दिवस कुठून मोजायचे? टोमॅटो, कोबी, मिरची यांसारख्या रोपं लावायच्या पिकांचे दिवस बहुधा पुनर्लागवडीपासून मोजलेले असतात. ते पेरणीपासून मोजले तर माल महिनाभर उशिरा येतो आणि सगळं वेळापत्रक ढासळतं.

ऋतू बदलला की दिवसही बदलतात. थंडीत वाढ मंदावते. ज्या भागात हिवाळ्यात दिवस दहा तासांपेक्षा लहान होतो तिथे ती जवळपास थांबतेच. मग थंडी ओसरू लागली की सारख्या अंतराने पेरलेली दोन पिकं एकाच आठवड्यात तयार होतात. थंडी ओसरताना दोन पेरण्यांतलं अंतर वाढवा, थंडीकडे जाताना कमी करा.

उगवणीचं तापमान पाहा. टोमॅटो आणि मिरचीच्या बियांना ऊब लागते, २० ते ३० अंश सेल्सिअस. पालक आणि लेट्यूसचं बी तीस अंशांच्या आसपास गेलं की नीट उगवत नाही, तेव्हा कडक उन्हाळ्यात ट्रे सावलीत ठेवून पेरा. गाजर उगवायला एक ते दोन आठवडे घेतं, आणि तेवढे दिवस वरचा थर एकदाही सुकता कामा नये. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच उगवण गमावतं, जुनं बी वापरण्याआधी ओल्या कापडात वीस बिया ठेवून पाहा.

पहिल्या वर्षी आठ ते दहा पिकं पुरेत. तीस प्रकारच्या बियाण्यांची यादी पाहून मोह होतो, पण प्रत्येक नवं पीक म्हणजे नवं अंतर, नवी कीड, काढणीची नवी वेळ. थोडी पिकं घ्या आणि ती न चुकता दर आठवड्याला द्या. गिऱ्हाईक त्या नियमितपणावरच टिकतं.

६. मातीला खाऊ घाला, बेवड (पिकांची फेरपालट) सांभाळा

कंपोस्टच्या ढिगात सुका पाला आणि ओला हिरवा माल किंवा शेण असं मिसळा की कर्ब-नत्र गुणोत्तर (एका भाग नायट्रोजनमागे किती भाग कार्बन) २५ ते ३० च्या आसपास राहील. ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापला पाहिजे, आणि बाहेरचा भाग आत जावा म्हणून तो पुन्हा पुन्हा पलटला पाहिजे. तेव्हाच तणांचं बी आणि रोगजंतू मरतात. थर्मामीटर याच कामासाठी सांगितला.

कच्चं शेणखत भाजीपाल्यात धोक्याचं आहे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत यासाठी नेमकी मर्यादा आहे: खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर खत घातल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस, लागत नसेल तर ९० दिवस. तुमच्याकडे असा नियम नसला तरी तो पाळा. लोक गाजर आणि पालेभाजी कच्ची खातात.

पिकांची फेरपालट कुळाप्रमाणे करा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एका कुळातले. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी दुसऱ्या. काकडी, भोपळा, दोडका तिसऱ्या. शक्य असेल तर एकाच वाफ्यात तेच कूळ तीन वर्षं येऊ देऊ नका. वाफ्यांचे क्रमांक आणि वही असली तर हे सोपं जातं, नसली तर दुसऱ्याच वर्षी आठवत नाही.

वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती मशागतीपुरती सुकल्याशिवाय, तिच्यात हात घालू नका. मूठभर माती दाबून पाहा. गोळा होऊन बोटाच्या टोकाने फुटला तर कामाला लागा, चिकटून राहिला तर थांबा. ओल्या मातीत घातलेलं अवजार हंगामभर पुरतील एवढी ढेकळं करून ठेवतं.

७. तण आणि कीड

तणाचा निम्मा त्रास पेरणीआधीच संपवता येतो. वाफा तयार करा, पाणी द्या आणि दहा ते चौदा दिवस तसाच सोडा. वरच्या थरातलं तणाचं बी उगवून येईल. मग माती न उलटता वरच्यावर खरवडून ते मारा, आणि लगेच पेरा. माती खोल हलवली तर खालचं नवं बी वर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते. गाजरासारख्या हळू उगवणाऱ्या पिकाला ही पद्धत जीवदान आहे. पुढे तण दोऱ्याएवढं बारीक असतानाच कोळपा. ते हाताने उपटावं लागलं तर तुम्हाला उशीर झाला आहे.

किडीसाठी जाळी लागवडीच्याच दिवशी टाका. पतंग अंडी घालून गेल्यावर टाकली तर किडीला आत कोंडून ठेवल्यासारखं होतं. वेलवर्गीय पिकांना फुलं आली की जाळी काढा, मधमाश्यांना आत येऊ द्या. फवारायचंच असेल तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. आणि प्रतीक्षा काळ पूर्ण व्हायच्या आत तोडणी नाही, मग बाजार उद्याच का असेना.

८. काढणीनंतरचे दोन तास

पिकवण्यात घातलेले दोन महिने इथे दोन तासांत वाया जाऊ शकतात, म्हणून या टप्प्यावर मी जरा जास्त थांबतो.

तोडलेली भाजी जिवंत असते, श्वास घेत असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचा श्वास दुपटीने-तिपटीने वाढतो आणि तेवढंच तिचं आयुष्य घटतं. म्हणून पालेभाज्या पहाटे, ऊन वाढण्याआधी कापा. क्रेट लगेच सावलीत न्या. शेतातच ओल्या पोत्याने झाका. टोमॅटो, काकडी, घेवडा मात्र दव सुकल्यावर तोडा, ओल्या वेलींना हात लावला की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

धुण्याचं पाणी पिण्याच्या दर्जाचं हवं. पालेभाज्या आणि मुळा-गाजर थंड पाण्यात बुडवले की मळ निघतो आणि शेताची उष्णताही निघते. पाणी गढूळ झालं की बदला, नाहीतर एका जुडीची घाण सगळ्या जुड्यांना लागते. टोमॅटोची गोष्ट वेगळी. गरम फळ थंड पाण्यात टाकलं की देठाच्या जागेतून ते पाणी आत ओढून घेतं, आणि पाण्यासोबत जंतूही. टोमॅटो ओल्या फडक्याने पुसणं चांगलं. धुवायचेच असतील तर पाणी फळापेक्षा थोडं कोमट ठेवा. कांदा, लसूण, बटाटा धुऊ नका.

साठवताना सगळ्या भाज्या एकत्र ठेवू नका. पालेभाज्या, कोबी, गाजर, मुळा, मटार यांना शून्य ते दोन अंश आणि भरपूर ओलावा मानवतो. काकडी आणि वांगी दहा-बारा अंशांच्या खाली गेली की त्यांना थंडी बाधते, खड्डे पडतात, पाणी सुटतं. टोमॅटोही त्याच आसपास ठेवा, त्याहून थंडीत त्याची चव जाते. रताळ्याला तर १३ ते १५ अंश लागतात. कांदा-लसणाला कोरडी, वाऱ्याची जागा, बटाट्याला अंधार.

पिकलेले टोमॅटो आणि खरबूज इथिलीन वायू सोडतात. त्यांच्या शेजारी ठेवलेला पाला पिवळा पडतो, काकडी पिवळी पडते, गाजर कडवट होतं. टोमॅटोचे क्रेट दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, हा फुकटचा उपाय आहे.

शीतगृह परवडत नसेल तर बाष्पीभवनावर चालणारी शीतपेटी बांधता येते: विटांची दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला हा नमुना वीज नसलेल्या ठिकाणी फार उपयोगी पडतो. हवा कोरडी असेल तर आतलं तापमान चांगलंच उतरतं. दमट हवेत, पावसाळ्यात त्यावर विसंबू नका.

९. भाव ठरवणं

शेजारच्या गाळ्यावरचा भाव पाहून आपला भाव लावू नका. आधी स्वतःचा खर्च काढा. एका वाफ्याला लागलेलं बियाणं, खत, पाणी, पॅकिंग, वाहतूक, बाजाराचं भाडं आणि तुमचे स्वतःचे तास, हे सगळं मिळवा आणि विकल्या गेलेल्या मालाने भागा. काढलेल्या नव्हे, विकल्या गेलेल्या. या दोन आकड्यांत केवढं अंतर असतं ते वजन करून लिहिल्याशिवाय कळत नाही.

स्वतःचे तास फुकट धरणं हा या धंद्यातला सर्वांत महागडा सापळा आहे. घेवडा आणि मटार तोडायला तासन्‌तास लागतात. मुळ्याची जुडी मिनिटात बांधून होते. वाफा किती आठवडे अडकला तेही मोजा. कोबीने दहा आठवडे अडवलेल्या जागेत मुळ्याची दोन पिकं निघतात. ‘एका वाफ्याने एका आठवड्यात किती दिलं’ या मापाने पिकांची तुलना केली की चित्र स्पष्ट होतं.

भाव ठरला की तो हंगामभर शक्य तितका स्थिर ठेवा. घाऊक बाजार पडला म्हणून तुमचा खर्च कमी झालेला नसतो, आणि घाऊक बाजार चढला तेव्हा तुम्ही भाव वाढवला नाही हे गिऱ्हाईक लक्षात ठेवतं.

१०. विक्रीच्या दिवशी

माल आदल्या दिवशी मोजून यादी करा. टेबल सावलीत लावा. पालेभाजीवर पाणी शिंपडत राहा, कांदा-टोमॅटोवर नको. प्रत्येक ढिगाशेजारी भाव आणि भाजीचं नाव ठळक लिहा, पुष्कळ लोक भाव विचारायला संकोचतात आणि पुढे निघून जातात. नेहमीपेक्षा वेगळी भाजी असेल तर ती कशी शिजवायची ते चार ओळींत लिहून ठेवा. माल संपत आला की टेबल छोटं करा, मोठ्या टेबलावरच्या चार जुड्या शिळ्या दिसतात.

बाजार उठताना भाव पाडू नका. एकदा पाडला की लोक त्याच वेळी येऊ लागतात. उरलेल्या मालाची सोय आधीच ठरवा: एखादी खानावळ, अन्नदान करणारी जागा, गुरांचा गोठा, शेवटी खताचा ढीग.

दुसऱ्याचा माल आणून स्वतःचा म्हणून विकू नका. टेबल रिकामं दिसतं म्हणून हा मोह होतो. शेजारच्या शेतकऱ्याचा माल ठेवायला हरकत नाही, पण तशी पाटी लावा. एका खोट्या उत्तराने वर्षभराचा विश्वास जातो.

उपाहारगृहांना आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी उपलब्ध मालाची यादी पाठवा, पैसे किती दिवसांत मिळणार ते सुरुवातीलाच लेखी ठरवा, आणि एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त विक्री अवलंबून राहू देऊ नका. टोपली असेल तर तीत सहा ते नऊ प्रकार पुरे. सलग चार आठवडे दुधी देऊ नका, भरपूर निघाला असला तरी. आगाऊ घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून महिन्याच्या हिशोबाने काढा, म्हणजे हंगामाच्या शेवटी मजुरी द्यायला हात मोकळा राहतो.

११. ‘सेंद्रिय’ ही पाटी लावण्याआधी

बऱ्याच देशांत हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. प्रमाणपत्रासाठी जमिनीला रूपांतराचा काळ द्यावा लागतो. अमेरिकेत तो तीन वर्षांचा आहे. युरोपीय संघात हंगामी पिकांना दोन, बहुवार्षिक पिकांना साधारणपणे तीन. तपासणीचं शुल्क लहान शेताला जड जातं, म्हणून शेतकरी आणि ग्राहक मिळून एकमेकांची शेतं तपासतात अशी सहभागी हमी पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरतात. ब्राझील आणि भारतात तिला सरकारी मान्यताही आहे. यातलं काहीच नसेल तर फवारणीची नोंदवही टेबलावर ठेवा आणि जे वापरलं ते सांगा. जवळपास राहणाऱ्या गिऱ्हाइकाला शेत पाहायला बोलावता येतं, याहून चांगली हमी मला ठाऊक नाही.

१२. हंगाम संपल्यावर वही उघडा

पीक, वाफा क्रमांक, पेरणीची तारीख, पहिली तोडणी, शेवटची तोडणी, काढलेलं वजन, विकलेलं वजन, लागलेले तास. एवढे रकाने पुरेत. पेरणी आणि पहिली तोडणी यांतलं अंतर आता तुमच्या मातीचं, तुमच्या हवेचं आहे, तेव्हा पुढच्या वर्षी पाकिटावरचे दिवस सोडून हेच वापरा. तासांच्या मानाने सर्वांत कमी देणारी दोन पिकं काढून टाका. त्यातलं एखादं गिऱ्हाइकाला टेबलाकडे खेचत असेल तर ठेवा, पण अर्ध्या वाफ्यात.

जमीन वाढवायचा विचार त्यानंतर करा, आणि तोही या प्रश्नावर तपासून: हंगामात असे किती आठवडे होते, जेव्हा माल संपला आणि माणसं रिकाम्या हाती परत गेली? ते थोडेच असतील तर आहेत त्याच वाफ्यांवर आणखी एक वर्ष काढा. बरेच असतील, तर ज्या पिकासाठी ती परत गेली त्याचेच आणखी पाच वाफे आखा, आणि तारखा पुन्हा विक्रीच्या दिवसापासून मागे मोजा.